शिकाऱ्याची वही आणि आपले निसर्गप्रेम

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात तुर्गेनेव्हच्या 'शिकाऱ्याच्या टिपणां'वर एक निबंध वाचला गेला. निबंधवाचक माझ्याहून ज्येष्ठ, व्यासंगी आणि एरवी जपून बोलणारे. त्यांचे प्रतिपादन असे होते की, या पुस्तकात शिकार हे केवळ निमित्त आहे. लेखकाला सांगायचे होते ते भूदासांचे दुःख, आणि बंदूक, कुत्रा, पाखरे हा सगळा सरंजाम त्याने सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी जमवला होता. एवढ्या संवेदनशील लेखकाने पाखरे मारण्यात आनंद मानला असेल हे संभवत नाही, असा त्यांनी समारोप केला. सभागृहाने माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे. ते प्रतिपादन चुकीचे होते आणि ती चूक एका निबंधापुरती नाही, असे आता मला वाटते. आपल्या समीक्षेत आणि आपल्या वर्गांत निसर्गप्रेमाची एक सोवळी कल्पना रुजली आहे. निसर्गावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्याकडे लांबून पाहायचे. त्यातले काही धरायचे, खुडायचे, शिजवायचे नाही. ज्याने धरले त्याचा आनंद हीन, ज्याने नुसते पाहिले त्याचा उच्च. ही प्रतवारी कोणी केली, कशाच्या आधारावर केली आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न आपण विचारत नाही. ते विचारण्यासाठी रशियन साहित्याइतकी सोयीची जागा नाही. कारण तिथे पानगळीच्या दिवसांतली छोटी शिकार, मासेमारी आणि अळंबी वेचणे या तिन्ही गोष्टी गद्याच्या अगदी गाभ्याशी आहेत, आणि त्या तिथे कोणाची क्षमा मागून आलेल्या नाहीत.

आधी शब्दाकडे पाहू. रशियन भाषेत शिकारीला 'अखोता' म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ इच्छा, हौस असा आहे. अळंबी वेचण्याला तिथे 'शांत शिकार' म्हणण्याची रीत आहे. व्लादिमीर सोलोऊखिन यांनी 1967 मध्ये अळंबीवर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'तिसरी शिकार'. पहिली बंदुकीची, दुसरी गळाची, तिसरी टोपलीची. या तिन्ही हौशींवर स्वतंत्रपणे लिहिणारा एक लेखक मात्र सोलोऊखिन यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी होऊन गेला होता. त्याचे नाव सेर्गेई अक्साकोव.

अक्साकोव 1791 मध्ये उफा येथे जन्मला आणि 1859 मध्ये वारला. त्याचे पहिले पुस्तक 1847 चे, विषय गळाने मासे धरणे. दुसरे 1852 चे, ओरेनबुर्ग प्रांतातल्या बंदूकधारी शिकाऱ्याची टिपणे. 1856 मध्ये त्याने अळंबी वेचणाऱ्याची निरीक्षणे लिहिली. त्याच वर्षी त्याचा 'कौटुंबिक वृत्तान्त' आला आणि 1858 मध्ये बालपणाच्या आठवणींचे पुस्तक. या दोन पुस्तकांमुळे तो रशियन गद्याच्या इतिहासात मोठा ठरला. हा क्रम नीट पाहावा. माणूस पन्नाशी ओलांडल्यावर पहिले पुस्तक लिहितो, ते गळ, दोरी, आमिष आणि माशांविषयी. दुसरे बंदूक, छरे, दारू आणि पक्ष्यांविषयी. आणि मग त्याला आपले आजोबा, आपली आई, आपले घर लिहिता येते. वाङ्मयेतिहास सांगताना आपण उलट करतो. 'कौटुंबिक वृत्तान्ता'वर एक परिच्छेद देतो आणि 'तत्पूर्वी त्यांनी शिकार व मासेमारी यांवरही लिहिले' असे एक वाक्य जोडतो. पण माणसांकडे पाहण्याची जी सवय त्या वृत्तान्तात दिसते, ती त्याने पाण्याच्या काठावर बसून मिळवली होती. मासा कोणत्या ऋतूत, कोणत्या खोलीवर, कोणत्या तळाच्या पाण्यात असतो, हे ज्याला रोज स्वतःच्या हाताने पडताळावे लागते, त्याच्या वाक्यात ढिलेपणा राहत नाही. कारण चुकले तर टोपली रिकामी राहते.

शिकारीच्या पुस्तकात अक्साकोवने पक्ष्यांची मांडणी त्यांच्या जागेवरून केली आहे: दलदलीतले, पाण्यातले, गवताळ मैदानातले, जंगलातले. प्रत्येक विभागाआधी त्या जागेचे वर्णन येते. जंगलाच्या प्रकरणात तो झाडे तोडणाऱ्यांच्या बेपर्वाईवर संतापतो. 1852 मधला हा संताप पर्यावरणाच्या कोणत्याही चळवळीच्या कितीतरी आधीचा, आणि तो आला कुठून? जंगल तुटले की कोणते पाखरू उद्या दिसणार नाही, हे ठाऊक असलेल्या शिकाऱ्याकडून. मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवो येथे, वोर्या नदीच्या काठी त्याची अखेरची वर्षे गेली. दृष्टी जात चालली होती; मजकूर तो आपल्या मुलीला सांगे आणि ती लिहून घेई. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा उरले ते हातांनी आणि पायांनी लक्षात ठेवलेले. नुसते पाहणाऱ्याजवळ अशा वेळी काय उरले असते?

आता तुर्गेनेव्ह. माझ्या ज्येष्ठ निबंधवाचकांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, तो मीच मांडतो. 'होर आणि कालिनिच' हे पहिले रेखाचित्र 1847 मध्ये 'सोव्रेमेन्निक' मासिकात आले तेव्हा त्याला 'शिकाऱ्याच्या टिपणांतून' हे उपशीर्षक संपादकीय बाजूने, पानायेव यांनी जोडले होते. म्हणजे शिकारीचा शिक्का बाहेरून बसला, असे म्हणता येईल. पण तुर्गेनेव्हने तो पुसला नाही. पुढची रेखाचित्रे त्याच शिक्क्याखाली लिहिली आणि 1852 मध्ये पुस्तक त्याच नावाने काढले. पुस्तकाच्या शेवटी त्याने 'वन आणि माळ' ठेवले. त्यात भूदास नाहीत, जमीनदाराचा जुलूम नाही, गोष्टही नाही. आहे तो वर्षभराच्या शिकारीचा आनंद: पहाटेची निघण्याची वेळ, उन्हाळ्यातली रपेट, पानगळीत वुडकॉकच्या शोधात फिरताना मनात जुन्या आठवणींचे हळूच जागे होणे. शिकार केवळ निमित्त असती, तर लेखकाने हे पान गाळले असते. त्याने ते शेवटी ठेवले, म्हणजे जिथे वाचकाचा निरोप घ्यायचा तिथे.

शिवाय शिकार आणि भूदासांचे दुःख यांना वेगळे काढायला गेले की दुःखही हाती लागत नाही. कालिनिच हा गरीब का? कारण त्याचा मालक त्याला रोज शिकारीला बरोबर नेतो आणि त्यामुळे त्याला घरशेत सांभाळायला वेळच उरत नाही. येर्मोलाय या शिकारी भूदासाला धन्याचा हुकूम काय? महिन्यातून एकदा धन्याच्या मुदपाकखान्यात रानपाखरांच्या दोनेक जोड्या पोचवायच्या. बाकी कुठे राहावे, काय खावे, हे त्याचे त्याने पाहावे. एकाची हौस ही दुसऱ्याची वेठ आहे, हे तुर्गेनेव्हने प्रवचन न करता पाखरांच्या जोड्या मोजून सांगितले. 'बेझिनचे कुरण' घ्या. तूला प्रांतात पाखरांच्या शिकारीला गेलेला निवेदक अंधारात वाट चुकतो आणि घोडे राखणाऱ्या पाच शेतकरी मुलांच्या शेकोटीपाशी येऊन पोचतो. झुडपाखाली पडून तो रात्रभर त्यांच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकतो. एरवी एक जमीनदार अशा मुलांच्या शेकोटीशी रात्र काढणार कशी? गाडीतून जाणारा सद्गृहस्थ रस्ता सोडत नाही. रस्ता सोडायला लावते ती शिकार. दुःखाचा शोध घ्यायला निघालेला समाजसुधारक त्या रात्री तिथे आला असता, तर मुले गप्प बसली असती.

टॉलस्टॉयकडे वळू. 'युद्ध आणि शांती'मध्ये 1810 च्या सप्टेंबरमधली रोस्तोव्ह कुटुंबाची शिकार आहे. लांडगा हातचा निसटतो तेव्हा दानिलो हा भूदास शिकारी आपल्या धन्यावर, म्हाताऱ्या काउंटवर चाबूक उगारून ओरडतो; आणि काउंट शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा राहतो. त्या घटकेपुरता दर्जा कौशल्याला आहे, जन्माला नाही. पण त्याच दिवशी पुढे एका सशामागे तीन मालकांचे कुत्रे सुटतात. त्यांतल्या एर्झा या कुत्रीसाठी तिच्या मालकाने वर्षापूर्वी भूदासांची तीन कुटुंबे मोजलेली आहेत. टॉलस्टॉय हे एका वाक्यात सांगतो आणि सशाकडे वळतो. ससा मिळतो तो 'काका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जुन्या कपड्यांतल्या साध्या शेजाऱ्याच्या रुगाय या कुत्र्याला. संध्याकाळी सगळे त्याच्या घरी उतरतात. ताटात इतर पदार्थांबरोबर अळंबी येते, मध येतो, आणि मग नताशा नाचते. वर्गात आपण नताशाच्या नाचावर तास घेतो; लोकसंस्कृती, राष्ट्रीय आत्मा वगैरे शब्द वापरतो. दिवसभर रानात घोड्यावर घालवून, दमून, भुकेजून, ससा आणि अळंबीच्या वासात बसलेली नताशा तो नाच नाचते, हे मात्र सांगत नाही. तो नाच त्या दिवसाचा आहे. दिवस काढून टाकला तर उरते ते संमेलनातले लोकनृत्य.

'आना कारेनिना'मधला अळंबीचा प्रसंग तर विद्यार्थ्यांनी पाठच करावा असा आहे. कोझ्निशेव्ह हा विद्वान गृहस्थ वारेन्काला लग्नाचे विचारायचे ठरवून रानात गेला आहे. मुले आजूबाजूला अळंबी वेचत आहेत. मनातली वाक्ये तयार आहेत, क्षणही आला आहे; आणि त्याच्या तोंडून प्रश्न निघतो तो अळंबीच्या दोन जातींतला फरक कोणता, असा. ती उत्तर देते: टोपीत फरक नसतोच, देठात असतो. झाले, संपले. ते दोघे पुन्हा कधी त्या विषयाकडे येत नाहीत. मानसशास्त्राचे उदाहरण म्हणून आपण हा प्रसंग शिकवतो, आणि ते ठीकच आहे. पण तो साधला कशामुळे? अळंबीच्या जाती ओळखणे हे त्या जगात सगळ्यांना येते: पोरांना, स्वयंपाकिणीला, जमीनदाराच्या पाहुण्याला. बोलायचे सुचेनासे झाले की जिभेवर जे सहज येते, तेच ते आहे. चूक केली तर जीव जाईल असे हे ज्ञान आहे, म्हणून त्यात देठापर्यंत पाहावे लागते. तिसऱ्या शिकारीला बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही, रक्त सांडत नाही. तरी ओळखण्याची, शोधण्याची आणि सापडल्याच्या आनंदाची रीत तीच आहे. म्हणून अक्साकोवने तिलाही शिकारच मानले.

आणखी एक छोटे उदाहरण देतो. रात्री पडून पहाटेआधी थांबलेल्या ताज्या हिमाला रशियन भाषेत 'पोरोशा' असा स्वतंत्र शब्द आहे. का? कारण त्यावर सशाच्या रात्रीच्या पावलांचे ठसे स्वच्छ उमटलेले असतात आणि सकाळी माग काढता येतो. नुसत्या पाहणाऱ्याला हिम ते हिमच. शब्द जन्माला घातला तो ज्याला ससा हवा होता त्याने. पुढे कवींनी तो उचलला. भाषेची श्रीमंती अशा हव्यासांतून येते, हे भाषेच्या प्राध्यापकांनी तरी विसरू नये.

आता आक्षेपाकडे येतो. कारण तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मारणे हे मारणे आहे. पाखराच्या जिवावर कोणाचे गद्य सुधारत असेल तर असे गद्य नको, असे कोणी म्हटले तर मी त्याला हसणार नाही. 1892 च्या वसंतात चेकॉव्ह आणि चित्रकार लेव्हितान शिकारीला गेले होते. लेव्हितानने वुडकॉकवर गोळी झाडली. पाखरू जखमी होऊन पडले, जिवंत होते. लेव्हितानच्याने त्याला मारवेना. ते काम चेकॉव्हला करावे लागले. त्यावर त्याने सुव्होरिनला लिहिलेल्या पत्रात स्वतःची आणि मित्राची जी हजेरी घेतली आहे, ती कोणत्याही अहिंसावाद्याने घ्यावी. मारलेल्या पाखराला ज्यात एवढे महत्त्व आहे ते 'सीगल' नाटक 1896 मध्ये रंगभूमीवर आले. टॉलस्टॉयचे उदाहरण आणखी मोठे. आयुष्यभर शिकार केलेल्या या माणसाने उतारवयात ती सोडली, मांस सोडले आणि 1892 मध्ये 'पहिली पायरी' हा शाकाहाराची बाजू मांडणारा निबंध लिहिला. त्यासाठी तूला येथील कत्तलखान्यात जाऊन सगळे डोळ्यांनी पाहिले.

माझा मुद्दा याच ठिकाणी आहे. शिकारीविरुद्धची सर्वांत जड साक्ष शिकाऱ्यांनीच दिली आहे. चेकॉव्हच्या पत्रात ते पाखरू वुडकॉक आहे. त्याला डोळे आहेत, चोच आहे, पिसारा आहे. आपल्या करुणेत ते नुसते 'पक्षी' असते. ज्याने काही हातात घेतले आहे त्यालाच ते खाली ठेवण्याचा अधिकार आणि अर्थ दोन्ही कळतात. आपण जी गोष्ट कधी केलीच नाही तिचा त्याग केल्याचे समाधान मिळवतो आणि त्या समाधानाला संवेदनशीलता म्हणतो. दुपारच्या जेवणात पापलेट खाऊन चर्चासत्राच्या दुसऱ्या सत्रात गळ टाकणाऱ्याच्या क्रौर्यावर बोलणे हे तर मी स्वतः केलेले आहे.

आपल्या परंपरेत हा पेच जुनाच आहे. 'मृगया' शब्दाच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ शोधणे. 'पारध' मात्र 'पापर्द्धि'पासून आलेला, म्हणजे पापाची वाढ. एका शब्दात शोध आहे, दुसऱ्यात पाप. मनूने मृगया ही राजाच्या कामज व्यसनांत पहिली मोजली. कालिदासाने 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडून तिची तरफदारी केली आणि त्याच वेळी विदूषकाकडून तिची कुचेष्टाही करविली. पहिल्या अंकात तर तपस्वी मध्ये येऊन राजाचा बाण अडवतो. नाटककाराने दोन्ही बाजूंना बोलू दिले. पण समाजाने काय केले? राजा रानात गेला ती मृगया राहिली, साहेब गेला तो खेळ झाला, आणि ज्याची उपजीविकाच तितर-लाव्यांच्या फाशांवर होती, त्या पारध्यावर इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. कायद्याच्या कागदावरून तो 1952 मध्ये पुसला गेला. लोकांच्या मनातून किती पुसला गेला हे ज्याने त्याने पाहावे. आपल्या निसर्गप्रेमाची प्रतवारी निष्पाप नाही, असे मी म्हणतो ते यामुळे. पाहणारा वर आणि धरणारा खाली, ही उतरंड जातीच्या उतरंडीला फारच सोयीस्करपणे जुळते.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो असायलाच हवा. जंगले आक्रसली, प्राणी उरले नाहीत. आज कोणी सशावर किंवा रानकोंबड्यावर बंदूक चालवावी असे मी म्हणत नाही. मासे आणि अळंबी यांबाबतही डोळे मिटून गौरव करण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. ते एका रात्रीत पाटीभर उपसले, किंवा डोहात विष कालवले, तर पुढच्या वर्षी ओढा मुका होतो. पण हेसुद्धा मला पुस्तकाने सांगितले नाही. अशाच एका मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले. 'पोटातली बघून सोडायची' हा त्याचा नियम होता.

मराठीत असे लेखन नाही असेही नाही. व्यंकटेश माडगूळकर शिकारी होते. त्यांच्या 'सत्तांतर'ला 1983 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या वानरटोळ्यांकडे पाहणारी नजर माग काढणाऱ्याची आहे, हे त्यांचे गद्य वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या माणसांकडून शब्द वेचले, अगदी अळंबी वेचावी तसे. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' 1956 चे; त्याची थोरवी कोण नाकारील? बालकवी तर माझ्या ओठांवर आहेत. दोष यांतल्या कोणाचा नाही. दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा. आम्ही 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' यांतून एक माप तयार केले आणि त्या मापात न बसणारे सारे 'विषयांतर' ठरवले. आमच्या कोशांत आणि बोलण्यात अळंबीला 'कुत्र्याची छत्री' म्हणतात; कोणती खायची, कोणती नाही, हे ठाऊक नसलेल्या माणसाने दिलेले हे नाव आहे. तेच प्रमाण झाले.

हे लिहायला मला एक कारण घडले, ते शेवटी सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी 'माझ्या गावचा पावसाळा' हा निबंध दिला होता. घाटाखालच्या एका वाडीतून आलेल्या मुलाने चार पाने लिहून आणली. पहिल्या पुरात ओढ्याचे पाणी शेतात शिरते आणि मासे प्रवाहाच्या उलट चढतात. तेव्हा रात्री बत्ती घेऊन कोण कुठे उभे राहायचे, बांध कुठे फोडायचा, कोणत्या माशाचा काटा लागला तर हात सुजतो. पुढे श्रावणात वारुळावर अळंबी उगवते. दरवर्षी त्याच जागी. ती जागा त्याच्या आजीने लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही सांगितली नव्हती, सुनेला मात्र सांगितली. शेवटच्या पानावर शेतातल्या खेकड्यांचे बीळ ताजे की जुने हे चिखलावरून कसे ओळखायचे ते होते.

मी तांबड्या शाईने लिहिले: 'विषयांतर. निसर्गवर्णन अपेक्षित होते.' आणि दहापैकी चार गुण दिले.

तो तास संपल्यावर आला. भांडायला नव्हे, त्याला खरेच समजून घ्यायचे होते. म्हणाला, 'सर, निसर्गवर्णन म्हणजे काय काय लिहायचं?' मी त्याला सांगितले: ढग, धबधबे, हिरवळ, इंद्रधनुष्य, मनावर होणारा परिणाम. त्याने वहीत टिपून घेतले. सत्राच्या परीक्षेत त्याने धरणीने हिरवा शालू नेसल्याचे लिहिले. मी त्याला चांगले गुण दिले.

त्याच्याजवळ अक्साकोवचे पहिले प्रकरण होते, असा दावा मी करणार नाही. तो लेखक झाला असता की नाही हे मला कसे कळावे? पण त्या चार पानांत जे होते ते मला येत नव्हते, आणि मी ते तपासायला बसलो होतो. शिक्षकाला न येणारी गोष्ट विद्यार्थ्याने लिहिली तर ती चूक ठरते, ही आपली परीक्षापद्धती. त्या वाडीतला पावसाळा त्यानंतरही चालू राहिला असेल, आजीच्या वारुळाची जागा सुनेकडून पुढे गेली असेल वा नसेल. पण मराठी गद्यात ती जागा येण्याची एक संधी होती, ती माझ्या तांबड्या शाईने घालवली.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. तुर्गेनेव्ह शिकवताना शिकार वगळू नका. कुत्रा, बंदूक, पाखरे, ओले बूट, सगळे शिकवा. टॉलस्टॉयच्या त्या प्रसंगात अळंबीच्या देठापाशी थांबा. आणि 'माझ्या गावचा पावसाळा' हा विषय द्यायचाच असेल, तर त्यातले आपल्याला न कळलेले शब्द तांबड्या शाईने खोडण्याआधी लिहिणाऱ्याला त्यांचा अर्थ विचारा. मी यंदा तसे केले. एका मुलीने तीन प्रकारच्या अळंबीची नावे लिहिली होती. त्यांतली दोन मी पहिल्यांदाच ऐकली. फरक कसा ओळखायचा असे विचारले, तर ती म्हणाली, 'सर, वरून नाही कळत. देठ बघायला लागतं.'